तुझं प्रमाणपत्र कुठं आहे? मराठवाड्यातल्या फार्मसी संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
माननीय संस्थाचालक आणि प्राचार्य,
मराठवाड्यातील सर्व फार्मसी महाविद्यालये

स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात आमच्या मॅडम वारल्या. वय ऐंशीच्या पुढं होतं. तेराव्यानंतर त्यांच्या जुन्या संस्थेनं शोकसभा ठेवली, त्यात पाच जण बोलले. मॅडम मायाळू होत्या, मुलींची दुसरी आई होत्या, कधी कुणाला दुखावून बोलल्या नाहीत, संस्थेशी एकनिष्ठ राहिल्या. सगळं खरं आहे. पण त्या तासाभरात ‘फार्माकॉग्नोसी’, म्हणजे औषधी वनस्पती ओळखायचं आणि तपासायचं शास्त्र, हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. त्यांनी काय शिकवलं, पीएच.डी. कशावर केली, अकरा वर्षं कॉलेज कुणी चालवलं, यातलं काहीच कुणी बोललं नाही. मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सगळे पांगले आणि मी बसस्टँड गाठलं.

हे पत्र त्या परतीच्या एसटीतच मनात सुरू झालं. ते एका संस्थेला उद्देशून नाही. मॅडमच्या बाबतीत जे घडलं ते आपल्या आठही जिल्ह्यांत घडतं, म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. मॅडमचं नाव लिहीत नाही, घरच्यांनी तशी विनंती केली आहे. मी स्वतः पंचवीस वर्षं फार्मसी शिकवून निवृत्त झाले. मॅडमची विद्यार्थिनी, एवढी ओळख इथं पुरे.

मॅडम परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. १९५८ पर्यंत आपल्याकडं विद्यापीठ नव्हतं, इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असायची. त्याआधी १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं आणि खेड्यातल्या पोरांना कॉलेजची वाट दिसली. मॅडम तिथंच शिकल्या. बी.फार्म.साठी मात्र नागपूर गाठावं लागलं. घरात फार्मसी म्हणजे काय हे कुणालाच समजावता येईना. शेवटी त्यांनी आजीला सांगितलं, औषधाचं शिकायला चालले. आजी म्हणाली, “म्हंजी वैदीण होणार का गं तू?” मॅडम हो म्हणाल्या. हा प्रसंग त्या दर वर्षी पहिल्या तासाला सांगायच्या आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

नागपूरला वर्गात दोघीच मुली. पुढं एम.फार्म. केलं, मग मुंबईत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. पगार चांगला होता. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना परवानगी दिली, आणि त्या लाटेत आमच्या तालुक्याच्या गावीसुद्धा पत्र्याच्या शेडमध्ये डी.फार्म.चं, म्हणजे फार्मसीच्या पदविकेचं, कॉलेज उघडलं. मॅडम मुंबई सोडून तिथं आल्या. निम्म्या पगारावर. का आलात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, “आपल्याकडच्या मुली नागपूरला जाणार नाहीत. त्यांना पाठवणार कोण?”

१९८५ ला मी त्या शेडमध्ये शिकायला गेले. वर्गात साठ जण, त्यात आम्ही नऊ मुली. पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी टेबलावर तीन पुड्या ठेवल्या. एकीत अडुळसा, एकीत धोतरा, एकीत सोनामुखी. तिन्ही पानं वाळवून चुरलेली, म्हणजे डोळ्यांना तिन्ही हिरवट भुसाच. म्हणाल्या, “बाजारात अख्खं पान कुणी आणून देणार नाही, पोरींनो. पोत्यात चुराच येईल. धोतरा चुकून अडुळशात गेला तर खोकल्याच्या काढ्यातून विष जाईल. मग ओळखणार कशावरून?” आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. धोतऱ्याच्या पर्णरंध्राभोवती तीन पेशी असतात, त्यातली एक इतर दोघींपेक्षा लहान. सोनामुखीच्या रंध्राला दोन पेशी दोन्ही बाजूंनी समांतर लागून असतात. अडुळशाच्याही दोनच, पण आडव्या, रंध्राशी काटकोनात. मला आजही हे लिहिताना ती तीन चित्रं दिसतात.

ताज्या पानाचा छेद घ्यायला बटाट्याची फोड चिरायची, त्यात पान खोचायचं आणि ब्लेडनं कागदाहून पातळ काप काढायचा. जाड आला की मॅडम काही न बोलता तो बाजूला सारायच्या. पंधरावा, विसावा काप जमायचा. त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की जिथं लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य, आहे तिथं गुलाबी-लाल रेष उमटायची. ती रेष पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ओरडलेच होते. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळतात, ते पकडायलाही त्यांनीच शिकवलं, आणि तेही मोंढ्यातून खरंच आणलेल्या पुडीवर. त्यांच्या शिकवण्यात माया होती का, हे मला सांगता येणार नाही. सोळा काप टाकून द्यायला लावणारी बाई त्या वेळी मायाळू वाटत नाही. पण त्यांनी आम्हाला नीट बघायला शिकवलं, आणि शोकसभेत हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

१९८७ ला मी पास झाले. दुकानातलं प्रशिक्षण झालं, फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी झाली, प्रमाणपत्र आलं. पुढच्या वर्षी लग्न झालं. सासरकडच्या एका नातेवाइकाला मेडिकल टाकायचं होतं. बोलणी झाली तेव्हाच माझं डी.फार्म. असणं हिशेबात धरलेलं होतं, हे मला नंतर कळलं. प्रमाणपत्र फ्रेम करून त्यांच्या दुकानात लागलं. महिन्याला दोनशे रुपये घरी यायचे, ते सासूबाईंच्या हातात पडायचे. तीन वर्षांत मी त्या दुकानाची पायरी एकदाही चढले नव्हते. तुम्हा सगळ्यांना ही पद्धत माहीत आहे. तिला आपल्याकडं ‘सर्टिफिकेट लावणं’ म्हणतात.

१९९१ च्या उन्हाळ्यात मॅडम आमच्या घरी आल्या. दुसऱ्या एका मुलीच्या लग्नाला त्या गावात आल्या होत्या, पत्ता विचारत विचारत आल्या. मी धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते. चहा झाला. इकडचं तिकडचं काही न विचारता म्हणाल्या, “तुझं प्रमाणपत्र कुठंय गं?”

“दुकानात लावलंय, मॅडम.”

“आणि तू काय करायलीस?”

मी मांडीवरल्या लेकराकडं बघितलं. मॅडमनी आवाज चढवला नाही. “तुझ्या नावावर आज त्या दुकानात काय काय विकलं गेलं, तुला माहिती आहे का?” मला माहिती नव्हतं. मला आजवर कुणी विचारलेल्या प्रश्नांत तोच प्रश्न सगळ्यांत जास्त लागला.

सासरे बाहेर ओसरीवर होते. मॅडम त्यांच्यापाशी जाऊन बसल्या आणि समजावून सांगितलं. १९४८ चा फार्मसी कायदा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. १९४५ च्या औषध नियमांतही लिहिलेलं आहे की त्याची स्वतःची देखरेख पाहिजे. “भाऊ, उद्या त्या दुकानातून चुकीचं औषध गेलं आणि माणूस दगावला, तर भिंतीवर नाव तुमच्या सुनेचं आहे.” सासरे गप्प राहिले. कारकुनी केलेला माणूस होता, कागदावरच्या नावाचा अर्थ त्यांना कळत होता. पंधरा दिवसांनी त्यांनीच नातेवाइकाला निरोप धाडला, सून दुपारी बारा ते चार दुकानात बसेल, नाहीतर कागद काढून घेतो. “बाईमाणसानं मेडिकलवर बसावं का?” असं गावात महिनाभर चाललं, मग बंद झालं.

मी बसायला लागले आणि दुपारी बायका यायला लागल्या. दुकान तेच, औषधं तीच. पण अंगावरून पाणी जातंय, पाळी चुकलीय, गोळ्या खाल्ल्यावर मळमळतं, हे त्या दुकानातल्या पोराला कसं सांगायच्या? तोवर नुसता कागद पुढं करायच्या, नाहीतर काहीच न विचारता परत जायच्या. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या बायका यायच्या. सहा महिने कारखान्यावर राहायचं, म्हणून अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं मागायच्या. रिकाम्या पोटी रोज ही गोळी घेतली तर पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो, पाणी कमी पिणाऱ्याला तर जास्तच, हे त्यांना पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही, ही एवढीशी गोष्ट, तीही कुणी सांगितलेली नव्हती.

ही कामं साधी वाटतात. तुमच्या कॉलेजातून निघालेल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. माझी विद्यार्थिनी, केजच्या बाजूला तिचं स्वतःचं मेडिकल आहे. संधिवाताच्या एका म्हातारीला मेथोट्रेक्सेट लिहून दिलेलं होतं. हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. आधीच्या दुकानातल्या पोरानं सवयीनं ‘रोज एक’ सांगितलं. आठवड्याभरानं बाईच्या तोंडात जखमा झाल्या, ती तोंडाला लावायचं मलम मागायला माझ्या विद्यार्थिनीकडं आली. पोरीनं मलम दिलं नाही. आधी विचारलं, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत? पिशवी बघितली, तारखा मोजल्या आणि त्याच दुपारी तिला अंबाजोगाईच्या रुग्णालयात धाडलं. रोज घेतलं तर या औषधानं रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस जातो. म्हातारी वाचली. त्या पोरीचं प्रमाणपत्र तिच्याच डोक्यावर, तिच्याच भिंतीवर होतं. ते भाड्यानं दुसरीकडं लावलेलं असतं तर?

मॅडमनी हे सगळं आयुष्यभर केलं आणि बाजूनं कॉलेजही चालवलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा प्राचार्यपदाचा कार्यभार नुकताच त्यांच्याकडं आलेला होता. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हा दहा-बारा जणींना टेम्पोत बसवून नेलं. मी तेव्हा त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत लागले होते. देशभरातून औषधांची खोकी येऊन पडली होती. कंपन्यांची नावं वेगवेगळी, औषध एकच. मुदत संपलेली पाकिटं, अर्धवट वापरलेल्या बाटल्या, काहींवर कुणाला वाचता न येणाऱ्या भाषेतल्या चिठ्ठ्या. डॉक्टर जखमा शिवत होते, त्यांना खोकी उघडायला उसंत नव्हती. मॅडमनी जमिनीवर पोती अंथरली आणि मूळ औषधाच्या नावानं ढीग लावायला सांगितले. प्रतिजैविकं इकडं, वेदनाशामकं तिकडं, मुदत संपलेलं सगळं लांब. दोन दिवस आम्ही तेच केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं आपत्तीत औषधं कशी पाठवावीत याची मार्गदर्शक तत्त्वं काढली ती १९९६ मध्ये. ती नंतर वाचली तेव्हा जाणवलं, ते काम मॅडमनी पोत्यांवर बसून आमच्याकडून आधीच करून घेतलं होतं.

पीएच.डी. त्यांनी पन्नाशीच्या आसपास केली. आपल्याकडं रानात, रस्त्याच्या कडेला दगडीपाला उगवतो, लहानपणी गुडघा फुटला की त्याचा रस आपण सगळ्यांनीच लावला आहे. मॅडम सुट्टीच्या दिवशी बालाघाटच्या डोंगरातल्या गावांत जायच्या, सुइणींना, वैदूंना भेटायच्या, जखमेवर काय काय लावतात ते लिहून घ्यायच्या आणि आणलेल्या प्रत्येक पानाचा छेद घ्यायच्या. १९९७ ला पदवी मिळाली. ती देणाऱ्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ पासून बाबासाहेबांचं नाव होतं. बाबासाहेबांच्या कॉलेजात शिकले आणि त्यांच्या नावाच्या विद्यापीठाची डॉक्टर झाले, हे त्या सांगायच्या तेव्हा पदर नीट करायच्या. बाकी कुठल्याही मानसन्मानाबद्दल त्यांना बोलताना मी ऐकलं नाही.

आणि या बाई निवृत्त होईपर्यंत, २००४ पर्यंत, ‘प्रभारी’ होत्या. अकरा वर्षं प्रभारी प्राचार्य. कॉलेजची मान्यता टिकवणं, इन्स्पेक्शनला सामोरं जाणं, मुंबईच्या फेऱ्या, दिल्लीच्या फेऱ्या, विद्यापीठात तासन् तास बसणं, वर्गावर तास घेणं, सगळं त्यांनी केलं. या काळात कायम प्राचार्यपदाची जाहिरात तीन वेळा आली. तिन्ही वेळा मुलाखतीला त्या गेल्या. दोनदा बाहेरून गृहस्थ आले आणि सोडून गेले, तिसऱ्यांदा पद भरलंच नाही. कारण एकच दिलं जायचं, बाहेरची कामं असतात, बाईमाणसाला कशी जमणार? ती कामं त्या करतच होत्या! मला या गोष्टीचा आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही. खुर्चीवर बसायला, सह्या करायला, चुकीची जबाबदारी घ्यायला बाई चालली. नावाच्या पाटीवर मात्र ‘प्रभारी’ या तीन अक्षरांशिवाय चालली नाही.

कमला सोहोनी आठवतात. त्या वेळच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, मग एक वर्ष अटीवर घेतलं. काम पटलं तर पुढं. काम पटलं, आणि त्यानंतर तिथं मुलींना दार उघडलं. त्या केंब्रिजची पीएच.डी. घेऊन १९३९ ला परतल्या आणि पुढं मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. मॅडम हे वर्गात सांगायच्या. रामन यांनी अट एका वर्षाची घातली होती. आपल्या संस्थेनं मॅडमना ती अकरा वर्षं घातली.

५ ऑक्टोबर २०१५ ला संध्याकाळी मॅडमचा फोन आला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, लातूरला लेकीकडं राहायच्या. “बातम्या बघितल्यास का? नोबेल मिळालंय. ती आपली आहे गं, फार्मसीची आहे, फार्माकॉग्नोसीची!” चीनच्या तू यूयू. १९५५ ला फार्मसी शिकून बाहेर पडल्या. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. मलेरियावरचं औषध शोधायच्या सरकारी कामात जुने ग्रंथ चाळताना चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याची एक ओळ त्यांच्या हाती लागली. दवण्याच्या जातीची एक मूठ वनस्पती पाण्यात भिजवायची, पिळायची आणि रस प्यायचा. उकळायची, असं लिहिलेलं नव्हतं. त्यावरून त्यांनी ताडलं की उष्णतेनं गुण मरत असावा, आणि कमी तापमानाला, इथरमध्ये अर्क काढला. १९७१ मध्ये तो अर्क प्राण्यांवर पूर्ण उतरला, पुढच्या वर्षी त्यातलं आर्टेमिसिनिन हाती आलं, जगभरात लाखो जीव वाचले. अर्क आधी स्वतःवर घेऊन बघितला. या कामासाठी मोठी लेक पाळणाघरात, धाकटी आजी-आजोबांकडं ठेवली होती. मॅडम हे सगळं मला एका दमात सांगत होत्या आणि मला त्यांची बालाघाटातली वही आठवत होती, सुइणींच्या तोंडून लिहून घेतलेली. “सुइणीचं बोलणं शब्दन् शब्द लिहायचं, असं मी का म्हणायचे, कळलं का आता?” असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी आली, ५ लाख लिटर पाण्याची. मॅडम बहात्तर वर्षांच्या होत्या. गल्लीत जुलाबाची लेकरं होती, पाणी जपून वापरायचं म्हणून बायका ओआरएसचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून पाजत होत्या. साडेवीस ग्रॅमचं ते पाकीट एक लिटरसाठीच असतं. कमी पाण्यात घातलं की मिठाचं प्रमाण इतकं वाढतं की लेकराला उलट धोका होतो. मॅडम टँकरच्या रांगेत लिटरभराची बाटली आणि पाकीट घेऊन उभ्या राहिल्या. रोज, दोन आठवडे. एक पाकीट, ही एवढी बाटली, आणि दुसऱ्या दिवशी उरलं तर ओतून द्यायचं. पाणी ओतून द्या म्हणणं त्या उन्हाळ्यात फार कठीण होतं, तरी त्या म्हणायच्या.

आता तुमच्याकडं वळते. तुमच्या वर्गांत आज मुली भरपूर आहेत. आमच्या नऊ होत्या. माझ्या शेवटच्या वर्षी वर्गात निम्म्याहून जास्त मुली होत्या, आणि पहिल्या तीन क्रमांकांत मुलगा नव्हता. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठणच्या औषध कारखान्यांत त्या तपासणीच्या प्रयोगशाळा सांभाळतात, हे बघून ऊर भरून येतो. पण डी.फार्म. झालेल्या पुष्कळ मुलींचं काय होतं, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. लग्नाच्या बायोडाटात ‘सर्टिफिकेट आहे’ असं लिहिलं जातं. काही ठिकाणी तर प्रवेशच ‘नॉन-अटेंडिंग’ असतो, पोरगी परीक्षेपुरती येते. ५०० तासांच्या प्रशिक्षणाच्या कागदावर ओळखीच्या दुकानाचा शिक्का बसतो, आणि तिनं एकही चिठ्ठी वाचलेली नसते. असं प्रमाणपत्र हातात देऊन तुम्ही तिला काहीच दिलेलं नाही. उलट उद्या गुन्हा दाखल झाला तर तिचं नाव तेवढं देऊन ठेवलं आहे.

म्हणून मागणी करते. प्रशिक्षणाचा शिक्का मारण्याआधी तुमच्या एका शिक्षकानं त्या दुकानात किंवा रुग्णालयात जाऊन मुलगी काउंटरवर उभी आहे का, हे बघावं. गाड्या तुमच्याकडं आहेत, प्रवेशाच्या दिवसांत त्या खेडोपाडी फिरतात. हजेरी न लावणारी मुलगी असेल तर तिच्या बापाला बोलावून मॅडमनी माझ्या सासऱ्यांना सांगितलं ते सांगा. ते ऐकतात. पोरगी फुकट शिकली असं म्हटलेलं बापाला चालतं, पोरगी कोर्टात उभी राहील म्हटलं की त्याची झोप उडते. तालुक्याच्या बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छतागृह नसतं, म्हणून कितीतरी पोरी दुकानात बसत नाहीत. हे कुणी मोठ्यानं बोलत नाही म्हणून मी लिहिते आहे. तुमच्यातले बरेच जण नगरपालिकेत, बाजार समितीत आहेत, हे काम तुमच्या एका ठरावाचं आहे.

आणि प्राचार्यपदाच्या जाहिरातीबद्दल. तुमच्या कॉलेजात आज ज्या बाई ‘प्रभारी’ असतील, त्यांना किती वर्षं झाली ते मोजा. पात्रता असेल तर पुढच्या बैठकीत ती तीन अक्षरं काढून टाका. पात्रता नसेल तर पीएच.डी.साठी त्यांना रजा द्या आणि तास कमी करा. मॅडमना दोन्ही मिळालं नव्हतं, त्यांनी रविवार खर्ची घातले.

औषधी वनस्पतींची बाग तुम्हा सगळ्यांकडं आहे, नियमानं ठेवावी लागते. तिला मॅडमचं नाव द्यावं, असं शोकसभेत एकानं सुचवलं. मॅडमच्या नावाची पाटी नको. बाग जिवंत ठेवा, मुलींना तिथली पानं तोडून छेद घेऊ द्या. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी रोपवाटिकेतून आणलेल्या कुंड्यांवर त्यांचं नाव लागलेलं मला बघवणार नाही.

२५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन आहे. तुमच्या कॉलेजांतून पांढरे ॲप्रन घालून रॅली निघेल, चौकात फोटो होतील. ते करा. पण त्या दिवशी दुपारी ऑफिसातलं जुनं रजिस्टर काढा, गेल्या पाच वर्षांत पास झालेल्या मुलींचे फोन नंबर त्यात असतील. काही बंद असतील, काही नवरा उचलेल. तरी एकेकीला फोन लावा, आणि तिची ख्यालीखुशाली विचारून झाली की विचारा, तुझं प्रमाणपत्र कुठं आहे, आणि तू कुठं आहेस.

आपली नम्र,
एक निवृत्त फार्मसी शिक्षिका
जिल्हा बीड